सोडायला आलेला

दारातल्या माणसानं हात जोडले ते मला, मुकुंदाला नव्हे. मुकुंदा माझ्या मागं उभा होता. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, केसांना तेल, कुणी म्हटलं असतं मुलगी बघायला निघालेत. आणि मी? आदला सबंध दिवस डंकावर बसून ब्याडगी मिरची कांडून आणलेली, वर्षाचं तिखट. डोळे सुजून लाल, घसा बसलेला, त्यात रिक्षातून उतरताना चपलेचा अंगठा तुटला म्हणून एक पाय फरफटत चाललेला. उंबऱ्यावर अडखळले आणि चौकट धरली. तो माणूस लगबगीनं पुढं आला, माझ्या कोपराला आधार दिला आणि पहिलटकरीण लेक माहेरी आल्यासारखा मऊ आवाज काढून म्हणाला, "बर्री अक्कार, ओळग बर्री. नाचकोब्याड्री." या अक्का, आत या, लाजू नका. मी लाजू? कशाला? मग त्यानं आवाज आणखी खाली आणला, पहिल्यांदाच आलात का म्हणून विचारलं, आणि माझ्या डोळ्यांकडे बघून अशी मान हलवली की जसं काही त्या लाल डोळ्यांची सगळी हकिगत त्याला आधीपासून पाठ आहे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाबानं मला दारुडी ठरवलं होतं.

माझ्या तोंडाला हुबळीची अख्खी दाजीबानपेठ भिऊन असते. सुरतेचा कापडाचा व्यापारी माझ्याशी भाव करायच्या आधी पेलाभर पाणी पितो, मग गादीवर बसतो. हमाल मला बघून बिडी विझवतात. आणि गोकुळ रोडच्या एका पत्र्याच्या शेडच्या दारात, लेथ चालवणारा एक माणूस मला म्हणतो, लाजू नका. मेल्या, तुझे डोळे आहेत का बोल्ट, एवढं वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून मुकुंदाचा आवाज आला, अगदी सभ्य, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. "नम्म वैनी री. ना बिडाक बंदीनि." आमची वैनी, मी सोडायला आलोय. त्या माणसाला या उत्तराचं फार हसू आलं. म्हणाला, बिडाकऽ का? मग इथं सगळेच सोडायला आलेत, तुम्हीपण या.

मी मान वळवून मुकुंदाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पण खोटं बोलल्यावर नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवायची सवय काही गेली नाही. रिक्षा जिथं जिथं थांबली तिथं तिथं त्यानं बाहेर पाय काढला होता, आणि मी शर्टाची बाही धरून ठेवली होती. फाटकाशी आल्यावर म्हणाला, वैनी, तू आत जाऊन विचारून ये, मी इथं थांबतो. त्याचं इथं थांबतो मला पुरतं ठाऊक आहे. धारवाडच्या बसस्टँडवर इथं थांबतो म्हणाला होता, तो तिसऱ्या दिवशी सापडला. आणि आता, आपलं ओझं माझ्या डोक्यावर ठेवल्याबरोबर, त्याचा डावा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. तो पाय मी बघितला. मी तोंड उघडलं तर तो पाय परत बाहेर जाणार, हे मला आरशासारखं दिसत होतं. दाताशी आलेलं वाक्य मी गिळलं. आयुष्यात मी पुष्कळ गिळलं असेल, पण तयार वाक्य गिळायची ती पहिलीच खेप. मिरचीपेक्षा तिखट असतं ते.

आत रविवारची बंद यंत्रं होती, वर गोणपाटं टाकलेली, बसलेल्या म्हशींसारखी. पायाखाली लोखंडाचा कीस, झाडून कोपऱ्यात लावलेला. मधे स्टुलं आणि तेलाचे रिकामे डबे गोल मांडलेले, आणि एकच लाकडी खुर्ची, हात असलेली, ती मला. पुरुष सगळे. सात की आठ. मी बसले तसे सगळे क्षणभर उठल्यासारखे झाले आणि मग बसले. तो दारातला माणूस, त्याचं नाव भीमसेन, शेड त्याचीच, हात जोडून म्हणाला की आजवर या खोलीत बाई माणूस आलं नव्हतं, बायका घरात लपून राहतात, लपूनच जातात, आज अक्कांनी धाडस केलं. कुणीतरी डोळे पुसले. मी पदर घट्ट केला. मी चाळीस वर्षं मान वर करून जगले त्याचं कौतुक कुणी केलं नाही, आणि न प्यालेल्या दारूचं कौतुक ऐकायला मला गोकुळ रोडला यावं लागलं. मुकुंदा मागं, शटरजवळ, एका डब्यावर जाऊन बसला. सोबतीला आलेल्या माणसासारखा. पायावर पाय टाकून. इतक्या महिन्यांनी त्याचे खांदे खाली आलेले मी बघितले.

ते खांदे बघून राग आला आणि मायाही आली, आणि माझं हेच होतं त्याच्या बाबतीत. राग धड पुरा होत नाही. आदल्या आठवड्यात गोविंदानं, माझ्या थोरल्यानं, जेवता जेवता सांगितलं होतं. आवाज चढवून सांगितलं असतं तर मी त्याला गप्प केलं असतं. पण तो शांत होता, हात धुऊन पुसले आणि म्हणाला, आई, त्या गोकुळ रोडला दारू सोडणाऱ्यांची काहीतरी सभा भरते म्हणतात. काकाला एकदा तरी तिथं जाऊन बसू दे. नाही बसला तर दुर्गदबैलाच्या बाजारातल्या गोदामावरची खोली मी झाडून ठेवलीय. घरात नको. माझ्या पोरी मोठ्या होतायत. मी दोन्हीला हो म्हटलं. सून आतून ऐकत होती, ती भांडी घासायची थांबली आणि मग परत घासायला लागली. त्या गोदामाच्या खाली दारूच्या पाकिटांचं दुकान आहे, सकाळी दूधवाल्याच्या आधी उघडतं. वर एकटा माणूस, खाली ते दुकान. तो पुढचा उन्हाळा बघणार नाही हे मला ठाऊक होतं, गोविंदालाही ठाऊक होतं, आणि ते आम्ही मायलेक बोललो नाही. मुकुंदाची बायको श्यामला दिवाळीला धारवाडला भावाकडे गेली ती आलीच नाही. मी तिला बोल लावत नाही. पदराशी पोरगी आहे तिच्या. पण मग उरलं कोण? मी उरले, आणि मी तर शब्द देऊन बसले होते. आमच्या घरात दिलेला शब्द परत घेत नाहीत, ही रीत मीच घालून दिलेली, आता कुणाला सांगू?

लोक मला विचारतात, त्यानं का घेतली. मी काय पोलीस आहे कारण शोधायला? आमचे यजमान गेले तेव्हा घेत होता, ते असतानाही घेत होता. सुख होतं तेव्हा घेतली, दुःखातही घेतली. सुरुवातीला वेलदोडा चघळत घरी यायचा. मला वाटायचं कुणाच्या तरी लग्नाला जाऊन येतोय, आणि म्हणायचे, मला का नाही सांगितलं रे, मी पण आले असते. पुढं पुढं वेलदोडा राहिला नाही. दुर्गदबैलात कुठल्या तरी पायरीवर बसून राहायचा, आणि आमचे हमाल त्याला हातगाडीवर निजवून वर गोणपाट टाकून घरी आणायचे, कापडाच्या गठ्ठ्यांच्या बरोबरीनं. गल्लीत शिरताना त्यांच्यातला म्हातारा मोठ्यानं ओरडायचा, "माल आला, वैनी." गल्लीनं ऐकावं म्हणून. माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मी दार उघडायची, गाडी आत घ्यायची आणि गोणपाट बाजूला करायची. गोणीत आधी भरलेल्या चिंचेचा वास, गोणपाटाचा वास, त्याखाली तो वास. आणि हा डोळे मिटून पडलेला, गालाला सुतळीचे वळ, मला म्हणायचा, वैनी, माल कुठल्या पेठेचा आहे बघ, पसंत नसला तर परत पाठव. असं बोलायचा. शिवी द्यायला जावं तर आधी हसवतो, आणि हसलेल्या तोंडानं शिवी कशी द्यायची? मी आत जाऊन दाराआड हसायची, मग रडायची, मग ताक करायची त्याच्यासाठी.

गोलात बोलणं सुरू झालं होतं. भीमसेन उठला. "ना भीमसेन. ना कुडुक. इवत्त कुडदिल्ल." मी भीमसेन, मी दारुडा, आज प्यालो नाही. आणि सगळ्यांनी त्याला त्याच्या नावानं नमस्कार घातला, जसं काही तो काशी करून आला. मला वाटलं, आज प्यालो नाही हे काय सांगणं झालं? आज आमची मांजरही प्याली नाही. पण दुसरा उठला तोही तेच म्हणाला, तिसराही. कुणी काल काढला नाही, कुणी उद्याची बढाई मारली नाही. आमच्याकडं मुकुंदानं किती शपथा घेतल्या असतील, सिद्धारूढ स्वामीच्या, आईच्या, माझ्या गळ्याच्या, सगळ्या उद्यापासूनच्या. आजची शपथ त्यानं कधी घेतली नव्हती आणि मीही कधी मागितली नव्हती. एक उंच वाळका माणूस, बसवर कंडक्टर, सांगत होता की आपली मुलगी ज्या थांब्यावर चढते तो थांबा आला की आपण बसच्या मागच्या कोपऱ्यात तोंड लपवून उभे राहायचो. मुलीला वाटायचं आपल्या अप्पांची गाडी दुसरी आहे. परवा त्यानं तिला हाक मारून तिकीट दिलं. एवढंच सांगून खाली बसला. बायको परत आली का, नोकरी टिकली का, काही नाही. मला वाटलं पुढं काहीतरी आहे, मी वाट बघत राहिले, आणि मग कळलं, तेवढंच होतं.

शेडमध्ये तेलाचा जड वास होता, यंत्राच्या तेलाचा, पण उन्हानं पत्रा तापला की कुठलंही तेल डोक्याच्या तेलासारखंच वास मारतं. मला एकदम ते लहान डोकं आठवलं. हुबळी ज्या वर्षी मुंबई राज्याकडून म्हैसूर राज्याकडे गेली त्याच वर्षी मी मिरजेहून हुबळीला आले. आमच्या गल्लीत म्हणायचे, सरकारनं हुबळी दिली ती दिली, वर मिरजकरांनी एका तिखट पोरीची भर घातली. अठराची होते. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात तीन पुरुष, सासरे, यजमान, आणि हा पाच वर्षांचा, नाक गळणारा, डोक्याला महिनोन् महिने तेल नाही. पहिल्या दिवशी मी त्याला धरून खोबरेल चोळलं तेव्हा त्यानं माझ्या मनगटाला चावा घेतला. दुसऱ्या दिवशी स्वतःच वाटी घेऊन आला. निजताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरायचा. यजमान म्हणायचे, लग्न माझं झालं का याचं? मी म्हणायची, तुम्हीपण टोक धरा, दुसरं आहे की.

आणि कानडी. मला एक अक्षर येत नव्हतं. मिरजेला कानडी कानावर पडायची, पण कानावर पडणं वेगळं आणि दुर्गदबैलात उभं राहून भाजी घेणं वेगळं. हा पाच वर्षांचा मास्तर माझ्यापुढं चालायचा, चड्डी एका हातानं धरून, आणि बोट दाखवून सांगायचा, वैनी, कांदा म्हणजे उळ्ळागड्डी. म्हण. मी म्हणायची. चुकलं की कपाळाला हात लावायचा, म्हाताऱ्यासारखा. एकदा एक भाजीवाली माझ्या बोलण्याला हसली, दोघी तिघींना बोलावून परत म्हणायला लावलं, तर यानं तिच्या टोपलीतली वांगी गटारात लोटून दिली. मी त्याला घरी आणून बडवला, आणि बडवता बडवता त्याला विचारलं, का केलंस रे असं? रडत म्हणाला, तुला मीच हसणार, दुसऱ्यांनी हसायचं नाही. आजतागायत तसंच आहे. माझी कानडी गल्लीत कुणी दुरुस्त करत नाही, कुणाची छाती होत नाही. हाच करतो. शुद्धीवर असला की करतो. मधली कितीतरी वर्षं मी चुकीचं बोलत गेले आणि घरात कुणी टोकलं नाही, तेव्हा मला कळायचं, आज हा शुद्धीवर नाही.

"अक्कार," भीमसेन म्हणाला. सगळे माझ्याकडं बघत होते. मन झालं तर बोला, नाही झालं तर नुसतं नाव सांगा, म्हणाला. मी उठले. सवयीनं म्हणाले, आम्ही दाजीबानपेठेतले, आणि आडनाव सांगणार तोच त्यानं हात वर केला. इथं आडनाव नको, पेठ नको, फक्त नाव. मग माझ्याजवळ राहिलं काय? चाळीस वर्षांत मला नुसतं कौसल्या म्हणून कुणी हाक मारली नव्हती. वैनी, आई, काकू, मालकीणबाई. नुसतं कौसल्या म्हणजे डोक्यावरचा पदर खाली पडल्यासारखं वाटलं, आणि त्या मेल्या खुर्चीचा हात मी घट्ट धरला. काय बोलायचं? मी पिते, असं म्हणणं मला मेल्यावरही जमणार नाही. मी पीत नाही, तो पितो, असं म्हटलं की मागचं शटर वाजणार, आणि मग गोविंदानं झाडून ठेवलेली ती खोली. मागं वळून बघायचीही सोय नव्हती. तेव्हा मी एक वाक्य जुळवलं, खोटंही नाही आणि त्याचं नावही नाही त्यात. मला आता पुरे झालं. कानडीत, ननग साकागैति. एवढं म्हणायचं आणि बसायचं. ते खरंही होतं. चाळीस वर्षांत मला इतकं पुरे कधी झालं नव्हतं.

"ना कौसल्या," मी म्हटलं. घसा बसलेला, आवाज पुरुषासारखा निघाला. "ना... साकीनि."

कानडीत साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजेच पोसणं, लहानाचं मोठं करणं. कोंबडी असो, पोर असो. शब्द एकच, शेपूट बदललं की अर्थ फिरतो. मला म्हणायचं होतं, पुरे झालं मला. तोंडातून गेलं, मी वाढवलंय. कंडक्टरनं फार नम्रपणे विचारलं, काय वाढवलंत अक्का? त्याच्या शेजारी एक पेन्शनवाले मास्तर होते, त्यांनी त्याला गप्प केलं आणि डोळे मिटून मान डोलावली. म्हणाले, खरं बोलल्या, बाटलीला दुसरं कोण वाढवतं, आपणच घास भरवून वाढवतो तिला. बाकीचेही मान डोलवायला लागले. माझ्या चुकीचं तिथं प्रवचन झालं असतं. मी तोंड उघडून उभी, पुढचा शब्द सापडेना, आणि तेवढ्यात मागून, शटरजवळून, कंटाळलेल्या आवाजात, कपाळाला हात लावून काढतात तसल्या आवाजात, आलं.

"साकीनि अल्ल वैनी. साकागैति."

साकीनि नव्हे म्हणून तो बोलून गेला होता. विचार करून नव्हे. चाळीस वर्षांची सवय ती, माझी चूक हवेत असतानाच झेलायची. सगळी डोकी मागं वळली. माझं नाही वळलं. वळले असते तर तो माझ्याकडं बघून बोलला असता, आणि मग ते माझ्यासाठी झालं असतं. मी समोरच्या गोणपाटाकडं बघत राहिले. गोणपाटाला एक ठिगळ होतं, निळ्या सुतळीनं शिवलेलं, ते मला अजून दिसतं. डबा सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, उठला, गेला. आता शटर वाजेल. शटर वाजलं नाही.

"अल्ल," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज तो नव्हता, मास्तरकीचा नव्हता. "सरीन अंदाळ." नाही, बरोबरच म्हणाली. मग श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं. "नन्न साकिदाकि ईकि. कुडियांव ना." मला वाढवलं ते हिनं. पिणारा मी.

कुणी टाळी वाजवली नाही, बरं झालं. भीमसेन उठला, मागं गेला, मुकुंदाच्या खालचा तो डबा उचलला आणि आणून माझ्या खुर्चीशेजारी ठेवला, गोलात. मुकुंदाला बसायला दुसरीकडं जागाच राहिली नाही. तो आला. चालताना त्याच्या चपलेखाली लोखंडाचा कीस करकरला. बसला, आणि नाव सांगितलं, आणि मग बोलला. काय बोलला ते मी इथं लिहीत नाही. तिथलं तिथंच ठेवायचं असा त्यांचा नियम आहे, भीमसेननं शेवटी सगळ्यांना सांगितला, आणि माझ्याकडं बघून जरा जास्तच सांगितला. तोंड बंद ठेवायचा नियम मला आजवर कुणी घातला नव्हता. हा मी पाळते. एवढं सांगते की त्यात माझं नाव फार वेळा आलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. माणूस आपलं बोलत होता. पायावरचा पाय खाली होता, आणि मी हात पुढं करून त्याला धरलं नाही. हात पदरात गुंडाळून ठेवले.

मग चहा आला. भीमसेन माझ्यासमोर येऊन उभा राहिला, कान धरायचेच तेवढे बाकी होते. म्हणाला, अक्कार, चूक झाली, तुमचे डोळे बघून मला वाटलं. मग मात्र मी सोडला नाही. दारात गिळलेलं सगळं वाक्य व्याजासकट बाहेर काढलं. म्हटलं, तुझ्या लेथवर आधी स्वतःचे डोळे घासून घे, बाबा. तीर्थ सोडून या तोंडात काही गेलं नाही, आणि तीर्थही मी वास घेऊन पिते. तू मला दारुडी केलीस ती केलीस, वर धाडसी केलीस. कंडक्टर इतका हसला की त्याचा चहा सांडला. मास्तर मात्र हिरमुसले. माझ्या वाक्याचा त्यांनी काढलेला अर्थ खोटा ठरला ना. मी त्यांना म्हटलं, मास्तर, तुमचाही अर्थ चुकीचा नाही, पण तो तुमच्या बाटलीचा, माझ्या पोराचा नव्हे. पोर म्हटलं मी. चव्वेचाळीस वर्षांचं पोर बशीत चहा ओतून पीत होतं. कपाला हात ठरत नव्हता म्हणून बशी, आणि बशीलाही दोन्ही हात.

परतताना रिक्षात तो बाहेर बघत बसला होता. मी बाही धरली नव्हती. एका ठिकाणी सिग्नलला रिक्षा थांबली, डाव्या हाताला एक बार होता, पाट्या लागल्या होत्या, माणसं आत शिरत होती, आणि त्यानं तिकडं बघितलं, चांगलं लांबलचक बघितलं. मी माझ्या हातांकडं बघत राहिले. रिक्षा हलली.

"वैनी," तो म्हणाला, "उद्याचं मी काही सांगत नाही."

"मी विचारलं का?"

"नाही. पण गोविंद विचारेल."

"त्याला मी बघते. तू सांग, भाकरीबरोबर काय करू?"

तो विचारात पडला. मला वाटतं, काय खाणार हे त्याला कितीतरी महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. समोर येईल ते ताट त्याच्यापुढं सरकवायचो, आणि तो निम्मं टाकून उठायचा. बऱ्याच वेळानं म्हणाला, वांगं. आणि मग, शेंगदाण्याचं कूट घालून, जाड.

घरी आलो तेव्हा गोविंद ओट्यावर उभा होता, हाताची घडी घालून. माझ्यावर गेलाय. विचारायचं ते डोळ्यांनी विचारतो आणि उत्तर तोंडानं हवं असतं त्याला. त्यानं काकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, जाऊन बसला. तो म्हणाला, आणि? मी म्हटलं, आणि भूक लागलीय त्याला. मी शब्द दिला होता तो एवढाच, जाऊन बसेल. त्याहून जास्त कुणी कुणाला देऊ शकतं का, मला त्या दिवसापासून ठाऊक नाही. गोविंद बाजूला झाला नाही, पण वाट अडवूनही राहिला नाही. मुकुंदा त्याच्या बाजूनं अंग चोरून आत गेला, पुतण्याला धक्का लागू नये म्हणून.

मी भाकरी थापल्या. पोरी पाटावर बसल्या होत्या, त्यांनी मुकुंदासाठी जागा केली, आणि मग आपल्या बापाकडं बघितलं, जागा केलेली चालते का म्हणून. गोविंदही ताटावर बसला. मुकुंदानं पहिला घास घेतला तेव्हा सगळे त्याच्या हाताकडं बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. घास तोंडापर्यंत जाताना निम्मा ताटात पडला. त्यानं भांड्याकडं बघितलं, पाणी हवं होतं, पण उचलायला धजेना. तेव्हा गोविंदानं काकाचं काठोकाठ भरलेलं भांडं आपल्या ताटाशी ओढलं, त्यातलं निम्मं आपल्या भांड्यात ओतलं, आणि अर्धं भांडं परत त्याच्यापुढं ठेवलं. सांडू नये म्हणून. मुकुंदा ते दोन्ही हातांनी उचलून पाणी प्याला.

दुसरी भाकरी घेऊन मी पुढं गेले. त्यानं ताटावर हात आडवा धरला. पुरे, वैनी, म्हणाला. मी तशीच वाकून उभी राहिले, भाकरीचा चटका बोटांना बसत होता. मग त्यानं हात काढला.